मालबाबूंचा विंचू

वयाच्या एकविसाव्या वर्षी मी स्वतःला भलतीच हुशार समजत होते. मॅट्रिक पास, गिरगावात वाढलेली, डोळे बरे आहेत असं चार जणांनी सांगितलेली. तर अशा ह्या हुशार बाईनं एका दुपारी टाक आणि निळी-काळी शाई घेऊन स्वतःच्या मनगटावर एक मासा काढला, त्याच्याभोवती ठिपके दिले, फुंकर घालून तो वाळवला, आणि हे गोंदण आहे म्हणून अशा माणसाला दाखवला ज्यानं जन्मभर लोकांच्या हातांखेरीज दुसरं काही पाहिलंच नव्हतं. सोनाराला पितळ विकायला जावं तसला प्रकार. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण माशाबरोबर मी एक थापही मारली. मासा रोज धुऊन जायचा, थाप काही गेली नाही.

तो माणूस म्हणजे आमचे मालबाबू. नाव वामनराव, पण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःसुद्धा ओ देत नसत.

मालबाबू कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. माणूस समोर आला की त्यांची नजर खाली उतरायची, दंडावरून मनगटाकडे. तिथं काही सापडलं तर ओळख पटायची, नाही तर नाही. स्टेशनचा पाणीवाला त्यांच्या लेखी ‘मारुती’, कारण त्याच्या दंडावर गदा घेतलेला मारुती होता. दूधवाली ‘दोन मोर’. नरपडहून मासे घेऊन येणारी कोळीण ‘कमळ’. भर फलाटावर ते हाक द्यायचे, “अहो, आज कमळ आलं नाही का?” आणि मुंबईचे उतारू खिडकीतून डोकी बाहेर काढून बघायचे, की डहाणूला फलाटावर कमळं कुठं उगवतात.

त्यांचं काम मालधक्क्यावरचं. चिकूच्या करंड्या, गवताच्या गासड्या, सुक्या बोंबलांचे बोजे, असा सगळा डहाणूचा माल त्यांच्या नजरेखालून मुंबईला नि अहमदाबादला जायचा. प्रत्येक नगावर पाठवणाऱ्याचा मार्का असायचा. कुणाचा त्रिकोणात ठिपका, कुणाची नुसती फुली. मार्का पुसला गेला की तो नग बेवारशी. तो कोपऱ्यात पडून राहायचा, आणि चिकू असले तर चार दिवसांनी सगळ्या स्टेशनाला आपली ओळख पटवून द्यायचा. इतकी वर्षं हेच बघून मालबाबूंचं जगाविषयी एक मत बनलं होतं. “मार्का कुठाय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मग समोर बैल असो, छत्री असो की माणूस.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. माझं लग्न झालं तेव्हा आमचे हे डहाणूला तारमास्तर होते, आणि मालबाबू शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. नवी नवरी म्हणून मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. बांगड्यांच्या वर नि खाली सगळं स्वच्छ. त्यांनी ह्यांना विचारलं, “मार्का कुठाय?” जसं काही मी गिरगावातून पाठवलेलं पार्सल. हे हसले. म्हणाले, अजून मारायचा आहे. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

तेव्हापासून माझं नाव ‘कोऱ्या वहिनी’. तेही लक्षात राहिलं तर. नाही तर रोज सकाळी नळावर घागर भरताना मालबाबू सभ्यपणे विचारायचे, “आपण कोण?” मी सांगायची. “हो का,” ते म्हणायचे, “कोऱ्या हातांची माणसं मला एकसारखीच दिसतात हो. त्यात तुमचा दोष नाही.” आणि ह्या चार जणांनी वाखाणलेल्या डोळ्यांकडे पाठ फिरवून निघून जायचे.

सासूबाईंचं मात्र वेगळं. त्यांच्या कपाळावर चांदणी, हनुवटीवर ठिपका, एका हातावर तुळस, दुसऱ्यावर पोपट. मालबाबू संध्याकाळी ओट्यावर आले की आधी तुळशीला नमस्कार करायचे, मग पोपटाची चौकशी करायचे. सासूबाई हात पुढं करून बसायच्या, जशी एखादी राणी दरबारात बसते, आणि माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघून म्हणायच्या, “शिकलेल्या सुनांचं काही खरं नाही हो, मालबाबू. बायका कसल्या, कोरे कागद.”

आता तुम्हाला वाटेल, एखाद्या गावंढळ माणसाचं हे वेड. तसं नव्हतं. नरपडच्या एका म्हाताऱ्या इराणी बागवाल्याकडे जुन्या प्रवासवर्णनांचं एक कपाट होतं. त्याचे चिकू वेळेवर रवाना व्हायचे, आणि मालबाबूंना एकेक जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी न्यायला मिळायचं. त्यातून त्यांनी जगातली झाडून सगळी गोंदलेली माणसं गोळा केली होती. दुपारची गाडी गेली की मालधक्क्यावर सामसूम व्हायची. ताडांच्या सावल्या रुळांवर आडव्या पडायच्या. गवताच्या गासड्यांना उन्हाचा गोड वास सुटायचा, त्यात बोंबलांचा खारट वास मिसळायचा, आणि समुद्राकडून येणारं वारं ते सगळं ढवळत राहायचं. हे डबा खाऊन तिथंच गासडीला टेकायचे. मी डबा न्यायला आलेली, ती दुसऱ्या गासडीवर बसायची. आणि मालबाबू सुरू व्हायचे.

मिसर देशातली एक पुजारीण. मरून हजारो वर्षं झाली, कापडात गुंडाळून ठेवलेली. कापड सोडलं तर पोटावर ठिपक्यांच्या ओळी जशाच्या तशा. “राजे गेले, देव गेले, भाषा गेली,” मालबाबू म्हणायचे, “पॅकिंग फाटलं, पण मार्का शाबूत.” मग ते उत्तरेच्या बर्फात शिरायचे. तिथं एका सरदाराची कबर गोठून राहिलेली, आणि त्याच्या खांद्यावर हरणं. शिंगं अशी वळणं घेत गेलेली की हरीण कुठं संपतं आणि पाचोळ्यासारखं वारं कुठं सुरू होतं ते कळत नाही. हे सांगताना मालबाबू हवेत बोट फिरवायचे. मी डोळे मिटायची. माझ्या मिटल्या डोळ्यांसमोर डहाणूच्या सुरूच्या बनातून ती हरणं पळत जायची, पायांखाली बर्फ की वाळू, काही कळायचं नाही.

दक्षिणेकडच्या बेटांवरच्या सरदारांवर तर त्यांचा विशेष जीव. त्या लोकांच्या चेहऱ्यावर गोंदणाची वेलबुट्टी, प्रत्येकाची निराळी. गोरे लोक कागद घेऊन आले आणि सही करा म्हणाले, तेव्हा त्यांनी काय केलं? आपल्याच चेहऱ्यावरची नक्षी कागदावर काढून दिली. दिवसभर पावत्यांवर सह्या ठोकणारे मालबाबू हे सांगून स्वतःच्या शाईच्या बोटांकडे बघायचे. “सही म्हणजे स्वतःचा चेहरा,” ते म्हणायचे. “आणि आमची सही बघा. मेलेल्या झुरळासारखी.”

ह्यांच्याशी त्यांचं एकदाच वाजलं. कुण्या जुन्या राजानं म्हणे गुलामाचं डोकं भादरून त्यावर गुप्त निरोप गोंदला, केस वाढू दिले आणि मग त्याला धाडून दिला. पोचल्यावर पुन्हा भादरायचं आणि वाचायचं. मालबाबूंच्या मते जगातलं ते सर्वोत्तम सीलबंद पार्सल. ह्यांनी विचारलं, केस वाढेपर्यंत लढाई थांबली होती का? आमच्या तारेनं निरोप दुपारच्या आत गेला असता. मालबाबू आठवडाभर आमच्या ओट्यावर आले नाहीत. आले ते सासूबाईंच्या पोपटासाठी.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी पेपरात वाचलं, की डोंगरातल्या बर्फात एक पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला आणि त्याच्या गुडघ्यापाशी, पाठीवर गोंदलेल्या रेघा होत्या. मालबाबू तेव्हा हयात नव्हते. मी पेपर हातात घेऊन किती वेळ तशीच बसले होते. वाटलं, कुणाला सांगू?

हे सगळं नुसतं पुस्तकी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते एसटी पकडून तलासरीच्या बाजाराला जायचे, डोंगरातल्या वारली बायकांच्या हातांवरची नक्षी बघायला. पहिल्याच वेळी ते धोतर सावरत, चष्मा पुसत, एकेका बाईच्या दंडाकडे वाकून बघत चालले. त्या काळी असा हात बघत फिरणारा सरकारी तोंडवळ्याचा माणूस म्हणजे देवीची लस टोचणारा. बाजारात बातमी पसरली. बायका पोरं काखोटीला मारून पळाल्या, टोपल्या उलट्या झाल्या, आणि थोड्या वेळानं मोकळ्या मैदानात नुसते मालबाबू आणि एक बकरी. शेवटी एक म्हातारी तेवढी हलली नाही. तिनं विचारलं, “काय रं बाबू, हात बघून पोट भरतं का तुझं?” मालबाबू तिच्यापाशी बसले आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत उठले नाहीत.

यातली गंमत अशी, की सुईला सगळ्यांत जास्त घाबरणारा माणूस पंचक्रोशीत कुणी असेल तर ते मालबाबूच. जगभरच्या सुया, काटे, हाडांच्या टोच्या त्यांना तोंडपाठ, पण स्वतःच्या अंगावर साधा ठिपका नाही. एकदा खरोखरीचे लसवाले रेल्वे क्वार्टर्समध्ये आले. मालबाबू गायब. मालधक्क्यावर उभ्या असलेल्या एका रिकाम्या डब्यात जाऊन त्यांनी आतून दार ओढून घेतलं होतं. तेवढ्यात इंजिन आलं आणि डबा जोडून घेऊन गेलं. घोलवडला दार उघडलं तेव्हा आत मालबाबू बसलेले, अंगभर गवत. तिथल्या मालबाबूनं ह्यांना तार केली: एक नग आला आहे, मार्का नाही, काय करावे. ही तार आमच्या ह्यांनी जन्मभर जपली.

पण त्यांची एक सवय माझ्या तेव्हा ध्यानात आली नाही. खरं तर आली होती, पण मी ती विक्षिप्तपणात जमा केली. गोष्ट कुठल्याही देशातली असो, शेवटी ते एकाच जागी येऊन अडायचे. कुठल्याशा बेटावरचे लोक म्हणतात, मेल्यावरची वाट अंधारी असते आणि बाईच्या हातावरचं गोंदण तिथं मशालीसारखं जळतं, त्या उजेडात ती पलीकडे जाते. दुसरीकडचे म्हणतात, वर दारात एक म्हातारी बसलेली असते, ती हात तपासते. आपल्याकडे तरी काय, सासूबाईही तेच सांगायच्या, की सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. इथवर सांगून झालं की मालबाबू पुस्तकाची पानं पुढंमागं करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे. “आणि जिच्या अंगावर काहीच नसेल तिचं काय?” ते विचारायचे. “ते कुणी लिहीत नाही. लिहिलं तर वाईट लिहितात.” आणि पुस्तक मिटून ते धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं, माझ्या कोऱ्या हातांना टोमणा आहे.

म्हणून तर मी मासा काढला.

होळी जवळ आली होती. संध्याकाळी मालबाबू ओट्यावर आले, तुळशीला नमस्कार झाला, आणि मी चहाचा कप पुढं करताना मुद्दाम मनगट वर केलं. त्यांनी कप घेतला नाही. मनगट बघत राहिले. इतका वेळ कुणीच माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आमच्या ह्यांनी तर नाहीच. “हे कधी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजोळी जाऊन आले ना, तिकडे. आता आजोळी गेलेलं माणूस चार ओळी बोलून गप्प बसलं असतं. पण त्या हातांवर मशाली जळणाऱ्या बायकांना मागं टाकायची मला खुमखुमी आली होती. मी सांगितलं, की आमच्या आजोळी एक चाल आहे. घरातलं एखादं माणूस गोंदण न करताच गेलं, तर मागं राहिलेल्यानं त्याच्या नावानं आपल्या अंगावर गोंदून घ्यायचं. ते त्याला वर पोचतं. माझी एक मावशी लहानपणीच गेली, तिच्या नावाचा हा मासा. अशी मावशी मला कधी नव्हती.

मालबाबूंच्या हातातली छत्री खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

“कुणीही घेतलं तर चालतं?” ते म्हणाले. “नवरा?”

“चालतो की,” मी म्हटलं. जणू त्या खात्याची मीच साहेबीण.

“आणि पोचतं.”

“पोचतं.”

ते चहा न घेता उठून गेले. आत सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात बोटं घातली. मला वाटलं, माझी कलाकुसर त्यांनाही पटली.

त्यानंतरचे काही आठवडे माझे फार झकास गेले. नळावर मालबाबू मला लांबून ओळखायचे. “काय मासा, बरं आहे ना?” असं विचारायचे. मी रोज अंघोळीनंतर खोलीचं दार लावून मासा पुन्हा काढायची. कधी शेपूट लांब व्हायचं, कधी पोट सुटायचं. एकदा शाई जास्त झाली तर मी त्याला आणखी दोन कल्ले दिले. ह्यांना मी सांगितलं होतं की घरात पाळणा हलेपर्यंत हौस म्हणून काढते. ह्यांनी तारेच्या कट्‌टकट्‌टमध्ये ते ऐकलं की नाही देव जाणे.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली. एका सकाळी हे जेवायला बसले आणि म्हणाले, नवल आहे, मालबाबूंनी रजा टाकली. जत्रेला गेलेत. म्हणत होते, हातावर काढून घ्यायचंय. सुई बघून भुई धरणारा माणूस, आणि हे काय भलतंच.

सासूबाईंनी ह्यांच्या पानात भात वाढला. हे ऑफिसात गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि पहिल्यांदाच मला टोमणा न मारता बोलल्या. सासरेही ह्याच स्टेशनात होते, त्यामुळे त्यांनी मालबाबूंचं लग्न पाहिलेलं होतं. बायको तारा. सतरा-अठराची, दिवसभर हसत असायची, नळावरच्या बायकांना कामं सुचू द्यायची नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत तिनं हट्ट धरला, मला मनगटावर विंचू काढायचाय. तुळस नको, मोर नको, विंचूच. नवऱ्याला घाबरवायला. मालबाबू तेव्हा नुकते रेल्वेत चिकटलेले, कोटाला कडक इस्त्री. त्यांनी तिला चारचौघांत सुनावलं, की हे रानटी चाळे बाबूच्या बायकोला शोभत नाहीत. ती त्यावरही हसली म्हणे. म्हणाली, बरं, पुढच्या जत्रेत विचारीन. त्या पावसाळ्यात तिला हिवताप आला आणि पुढची जत्रा आलीच नाही.

“तेव्हापासून तो सगळं जग धुंडतोय,” सासूबाई म्हणाल्या, “की कुठं तरी कोऱ्या हातांच्या बाईला आत घेतात का. आणि तू त्याला आजोळची चाल सांगितलीस. तुझ्या आजोळी मी लग्नाआधी चौकशीला जाऊन आलेय. असलं काही नाही तिथं.”

मी म्हटलं, आता काय करू?

“जा आणि सांग. नाही तर तो सुईखाली जाईल तुझ्या थापेपायी, आणि मग कधी तरी कळलं तर दुसऱ्यांदा मरेल. मी येणार नाही बरोबर. तुझा मासा, तूच पोहव.”

जत्रेच्या एसटीत बसायला काय, उभं राहायलाही जागा नव्हती. कोंबड्या, नारळ, डोंगरातल्या बायकांच्या पोलक्यांचे रंग, आणि खिडकीतून येणारी लाल धूळ. मी दांडा धरून लोंबकळत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. चारोटीपर्यंत चार वाक्यं झाली, विवळवेढ्याला उतरले तेव्हा एकही उरलं नव्हतं.

जत्रा उन्हात तरंगत असल्यासारखी दिसत होती. पिपाण्या, पाळण्याची करकर, कुठून तरी तारप्याचा घुमणारा सूर. आंब्याखाली गोंदणारीचं बस्तान होतं. ती वलसाडकडची, दोन्ही भाषा एका दमात बोलणारी. तिच्यासमोर मालबाबू मांडी घालून बसलेले, डोळे गच्च मिटलेले, घामानं निथळत. सुई चालू होती आणि ते मोठ्यानं स्टेशनं म्हणत होते. “वाणगाव... बोईसर... पालघर...”

“हात ढीलो मूक, बाबू, सैल सोड,” ती म्हणत होती. “अजून विंछी झाला नाही. चावणार नाही तो.”

मी समोर बसले आणि एका श्वासात सांगून टाकलं. चाल खोटी आहे, मावशी नव्हती, मासा शाईचा आहे, मी आगाऊपणानं बोलले, थांबवा हे. पुरावा म्हणून हात पुढं केला. घामानं मासा कोपरापर्यंत ओघळला होता. त्याचा एक डोळा तेवढा जागेवर होता.

मालबाबूंनी डोळे उघडले. माझ्या हाताकडे पाहिलं. मग पहिल्यांदा, मी लग्न होऊन आल्यापासून अगदी पहिल्यांदा, माझ्या तोंडाकडे पाहिलं. गोंदणारीनं सुई उचलून धरली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

“तर आता शेपूट करू की नको?” ती म्हणाली. “असाच ठेवला तर डहाणूला समदे खेकडा म्हणतील.”

मालबाबूंनी डोळे पुन्हा मिटले. मोकळ्या हातानं त्यांनी माझं ते बरबटलेलं मनगट घट्ट धरलं, जसं बुडणारा माणूस दोर धरतो.

“केळवे रोड,” ते म्हणाले.

सफाळ्याला नांगी आली. वैतरणेच्या पुलावर त्यांना जरा भोवळ आली, गोंदणारीनं पाणी मारलं. विरारला विंचू पुरा झाला. तिनं वरून हळद-तेल चोपडलं आणि म्हणाली, बाप्याच्या हातावर एवढा नाजूक विंचू तिनं कधी काढला नव्हता.

परतीची एसटी चारोटीला थांबली. डायव्हर चहाला उतरला, आम्हीही उतरलो. रस्त्याकडेच्या बाकावर मालबाबू मनगट मांडीवर उताणं ठेवून बसले होते, झोपलेलं पोर ठेवावं तसं. ऊन उतरलं होतं. डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याला मोहाच्या फुलांचा गुंगवणारा वास होता, आणि रस्त्यावरून जत्रेहून परतणाऱ्या बायका गात चालल्या होत्या. मला मान वर करवत नव्हती. शेवटी मीच विचारलं, की खोटं आहे हे कळल्यावरही तुम्ही का थांबला नाहीत?

ते म्हणाले, ते त्यांना होळीपासूनच ठाऊक होतं. गोंदणातले मासे असे रोज जाड होत नाहीत, आणि त्यांना मधेच कल्लेही फुटत नाहीत.

मग रजा का टाकली, सुईखाली का बसलात, असं मी विचारलं. मालबाबूंनी चहावर फुंकर घातली. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले:

“अहो वहिनी, त्या बेटावर तरी मशालींचं पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल? कुणाची तरी बायको गेली असेल, तो असाच हिंडत असेल, आणि शेजारची एखादी आगाऊ पोर त्याच्यापुढं काहीबाही बोलून गेली असेल. त्यानं ते धरून ठेवलं, एवढंच. तुमचंही मी धरलंय. आता ते खोटं होतं म्हणून कुणाला सांगत फिरू नका. अजून नवीन आहे ते, मोडेल.”